आमची वाटचाल : वीस मीटरच्या वर्तुळापासून

ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून बारीक इशाऱ्यांवर ठरावीक हालचाली करून घेण्याच्या घोडेस्वारीचे, वर्ग सुरू केले तेव्हा ते स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठीच होते. आज आमच्याकडे उड्यांचे स्वार येतात, एन्ड्युरन्सवाले (लांब पल्ल्याच्या शर्यतींचे स्वार) येतात, मांड नुकतीच जमू लागलेले येतात आणि नुसती रपेट आवडणारेही येतात. पहिला धडा मात्र सगळ्यांना एकच असतो, वीस मीटरचं वर्तुळ.

सुरुवातीला आम्ही स्पर्धेच्या टेस्टमधल्या, म्हणजे ठरवून दिलेल्या क्रमातल्या, हालचाली क्रमाने शिकवायचो. त्याचा परिणाम शोल्डर-इनमध्ये लगेच दिसायचा. या हालचालीत घोड्याचे खांदे मार्गावरून आत येतात, साधारण तीस अंशांचा कोन होतो आणि समोरून पाहिलं तर पाय तीन रेषांवर पडतात. आमच्या स्वारांचे घोडे चारही पाय दोनच रेषांवर टाकत, फक्त मान आत ओढलेली असे. आतला लगाम खेचला की मान वाकते, खांदा जागचा हलत नाही. बाहेरचा लगाम, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूचा, काय करतो हेच माहीत नसेल, तर शोल्डर-इन शिकवून उपयोग नाही. म्हणून हालचालींची यादी बाजूला ठेवली आणि वर्तुळाकडे परत आलो.

20 बाय 40 मीटरच्या अरीनात, म्हणजे सरावाच्या आयताकृती मैदानात, जागा अक्षरांनी ओळखतात; ए हे एका आखूड बाजूच्या मध्यावर असतं. ए टोकाचं वर्तुळ चार ठिकाणी टेकतं : ए, मधला एक्स, आणि दोन्ही लांब बाजूंवर कोपऱ्यापासून 10 मीटरवरचे दोन बिंदू. त्याच लांब बाजूंवरची के आणि एफ ही अक्षरं कोपऱ्यापासून 6 मीटरवर असतात, म्हणजे टेकायचं ते अक्षराच्या पुढे 4 मीटरवर. बहुतेक स्वार अक्षरालाच टेकतात किंवा थेट कोपऱ्यात शिरतात, आणि वर्तुळाचं अंडं होतं. आम्ही चारही ठिकाणी दीड मीटर अंतराने शंकूंची जोडी मांडतो. प्रत्येक जोडीतून एकच ढांग सरळ जायची, लगेच पुढच्या जोडीकडे नजर. स्पर्धेत प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण असतात. घोडा कितीही देखणा चालला तरी वाकड्या वर्तुळाचे गुण कापले जातात, आणि ते सरावाने सहज वाचवता येतात.

एक्सकडे जाताना घोडा बाहेर सांडतो. तिथे भिंत नसते, आणि स्वार घाबरून आतला लगाम ओढतो. मान आत येते, बाहेरचा खांदा मोकळा सुटतो आणि घोडा खांद्याच्या दिशेने निघून जातो. उपाय उलट्या बाजूला आहे. बाहेरचा लगाम मानेला लागून स्थिर ठेवायचा, बाहेरची पोटरी खोगिराच्या पट्ट्याच्या किंचित मागे ठेवायची आणि आतला हात दोन ढांगांपुरता आयाळीकडे पुढे द्यायचा. घोडा वर्तुळावर राहिला तर काम बरोबर चाललंय. आत कोसळला किंवा बाहेर गेला, तर इतका वेळ स्वार त्याला हाताने टांगून फिरवत होता असं समजायचं. ही चाचणी आम्ही प्रत्येक धड्यात घेतो, अनुभवी स्वाराचीसुद्धा.

हाफ-हॉल्ट, म्हणजे घोड्याला न थांबवता क्षणभर सावरणारा इशारा, शिकवण्याची पद्धत आम्ही अनेकदा बदलली. आता शब्द कमी आणि मोजणी जास्त असते. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) आम्ही मोठ्याने एक-दोन, एक-दोन म्हणतो. ‘एक’ला पोटऱ्या अलगद मिटायच्या, पाठ उंच करून पोट आवळायचं, बाहेरची मूठ ओलं फडकं पिळावं तशी बंद करायची. ‘दोन’ला सगळं सोडायचं. चूक जवळजवळ नेहमी ‘दोन’वर होते, मूठ सुटतच नाही. धरून ठेवलेल्या लगामावर घोडा रेलतो, किंवा हनुवटी छातीकडे घेऊन त्यापासून पळतो. नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे आणि मानेचा सर्वांत उंच बिंदू कानांमागे, ही स्थिती हवी. मान गोल दिसली की स्वार खूश होतो, पण मागचे पाय पोटाखाली येत नसतील तर त्या गोलाईला काही अर्थ नाही.

उड्यांच्या स्वारांसाठी जमिनीवर 18 मीटर अंतरावर दोन काठ्या ठेवतो. कँटरमध्ये (ट्रॉटपेक्षा वेगवान चालीत) त्या पाच ढांगांत पार करायच्या, मग सहा, मग चार, आणि तिन्ही वेळा लय तीच. सहा जमत नसतील तर घोडा हाफ-हॉल्ट ऐकत नाही. चार जमत नसतील तर तो पोटरीला उत्तर देत नाही. अडथळ्यांच्या मैदानात जे चुकतं ते इथे काठी न पाडता कळतं. इव्हेंटिंगवाल्यांना (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि उड्या अशा तिहेरी स्पर्धेच्या स्वारांना) हिशेब सांगावा लागत नाही : ड्रेसाजमध्ये 70 टक्के मिळाले तर 30 दंडगुण घेऊनच ते पुढच्या फेरीत जातात.

एन्ड्युरन्सच्या स्वारांना आम्ही सर्वांत आधी रायझिंग ट्रॉटचा (उठत-बसत केलेल्या ट्रॉटचा) कर्ण विचारतो, म्हणजे घोड्याच्या पायांच्या कोणत्या तिरप्या जोडीबरोबर उठता-बसता ते. वर्तुळावर बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं आणि मागे येताना बसायचं. सरळ रस्त्यावर बाहेर-आत असं काही नसल्यामुळे स्वार नकळत एकाच कर्णावर बसत राहतो, आणि घोड्याचा तोच मागचा पाय आणि पाठीची तीच बाजू भार उचलत राहते. साधारण दर किलोमीटरला एक ढांग जास्त बसून कर्ण बदलायचा. दोन बाजूंपैकी एकीवर बसणं अवघड वाटत असेल, तर घोडा तिकडे ताठ आहे. मग त्या बाजूची 15 मीटरची वर्तुळं घरचा अभ्यास म्हणून देतो.

नवख्यांना सुरुवातीला लगाम हातात देतच नाही. साधारण 8 मीटरच्या लाँजदोरीवर (घोड्याला वर्तुळावर फिरवायच्या दोरीवर) घोडा आमच्या हातात असतो आणि स्वार फक्त मांड सांभाळतो. सत्र वीस मिनिटांचं, दर पाच मिनिटांनी दिशा बदलून. कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत. गुडघा आवळला की टाच वर येते आणि बूड खोगिरावरून उचललं जातं, म्हणून गुडघा सैल हवा. मांड स्थिर होण्याआधी लगाम मिळालेला स्वार तोल जाताच त्याला लटकतो, आणि ते घोड्याच्या तोंडाला सोसावं लागतं. यात आम्ही घाई करत नाही, पालकांनी आग्रह धरला तरी नाही.

गट सहाचे होते ते तीनवर आणले. सहा घोडे एका वर्तुळावर असले की स्वार पुढच्या घोड्याची शेपटी बघून चालवतो, शंकू बघत नाही. धडा 45 मिनिटांचा असतो. त्यातली पहिली दहा मिनिटं लांब लगामावर वॉक (साधी चाल). आखडलेल्या लगामावर चाललेल्या वॉकचे चार स्पष्ट ठोके मोडतात आणि घोडा उंटासारखा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतो. ही खोड एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो. नोजबँड (नाकाभोवतीचा पट्टा) आम्ही स्वतः तपासतो, नाकाच्या हाडावर दोन बोटं आडवी जायला हवीत.

शेवटी ट्रॉटमध्येच वर्तुळावर लगाम हळूहळू सोडायचा. घोड्याने मान पुढे आणि खाली ताणली, पाठ झुलती राहिली आणि लय तीच राहिली, तर तिथेच उतरायचं, घड्याळात सात मिनिटं उरली असली तरी. डोकं झटकून वर केलं, तर पुन्हा वॉक, पुन्हा शंकूंची एक फेरी, आणि लगाम पुन्हा एकदा सोडून बघायचा.