पूर्वसंमती आली, पण पैसे कुठून आणायचे?

ठिबकला 80 टक्के अनुदान आहे असं सांगितलं की शेती नसलेल्या माणसाला वाटतं, शेतकऱ्याने 20 टक्के भरले की झालं काम. तसं नसतंय. आकडा खरा आहे, अल्प आणि अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून 55 टक्के आणि वरून राज्याचे पूरक 25, बाकीच्यांना 45 आणि 30. पण हे सगळं काम झाल्यावर. आधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती म्हणजे काम सुरू करायची परवानगी, मग डीलरकडून संच आणून शेतात बसवायचा, बिल अपलोड करायचं, सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) येऊन मोका तपासणी करणार, म्हणजे काम जागेवर बघणार, आणि त्यानंतर आधार जोडलेल्या खात्यात पैसे. म्हणजे सुरुवातीला शंभरच्या शंभर टक्के आपल्यालाच घालावे लागतात. आणि ते 80 टक्के पण सरकारने ठरवलेल्या मापदंडावर, दुकानातल्या बिलावर नाही, वरचा फरक आपलाच.

आमचा बीड जिल्ह्यातला केज तालुका. मांजरा नदीकडची जमीन भारी काळी, पण बालाघाटाच्या उताराकडं गेलात की माती वीतभर आणि खाली मुरूम. तिथं एक मोठा पाऊस झाला की बांध फुटतो आणि गढूळ पाणी थेट नाल्याला. अशाच उतारावर आमच्या शेजारच्या काकूंचं दोन एकर रान आहे, काका वारल्यापासून त्याच बघतात. बांध नीट करायचा, तळ्यातला गाळ टाकायचा, खालच्या कडेला शेततळं घ्यायचं, काय पाहिजे ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. योजना पण आहेत. शेततळ्याला आकारमानाप्रमाणे 75 हजारापर्यंत मिळतात, गाळ टाकायला एकरी 15 हजार, जास्तीत जास्त अडीच एकराचे साडेसदतीस हजार, आणि त्यात विधवा शेतकरी बसतात. शेततळ्याची पूर्वसंमती आली तेव्हा काकूंनी ती पुतण्याच्या मोबाईलवर दोनदा वाचून घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाळा, जेसीबीवाल्याला कोण देणार?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, डिझेल त्याला रोज लागतं, तो मोका तपासणी होईपर्यंत थांबणार नाही. बँक एवढ्याशा कामाला दारात उभी करत नाही. मग राहतो सावकार, नाहीतर मुकादमाची उचल. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाच्या आधीच उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे देतो, आणि आमच्या भागात ती उचल शेतीच्या कामात घातलेली माणसं मी बघितलीत. विचार करा, आपल्याच रानातली माती आपल्याच रानात ठेवायची म्हणून माणूस दुसऱ्याच्या फडात सहा महिने कोयता चालवणार. मला हे बघवत नाही, खरंच सांगतो.

ज्याच्याकडं पैसा आहे त्याला काही अडचण नाही, तो आधी घालतो, नंतर घेतो. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या रानातली माती सगळ्यात जास्त चाललीय ते रान बहुतेक करून कोरडवाहू, उताराचं आणि गरिबाचंच असतं, आणि तोच या पद्धतीत गळतो.

अमेरिकेत कशी पद्धत आहे म्हणून मी वाचलं. तिथं 1930 च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतंच्या शेतं उडाली, त्यानंतर सरकारने मृद संधारणाचं स्वतंत्र खातं काढलं. आज तिथं इक्विप नावाची योजना आहे, बांध, आच्छादन पिकं, पाण्याच्या सोयी, सगळ्याला खर्चाचा वाटा देतात, साधारण 75 टक्क्यांपर्यंत. पण नवीन किंवा कमी उत्पन्नाचा शेतकरी असेल तर 90 पर्यंत, आणि त्यातली निदान निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची सोय, ती 90 दिवसांत कामावर खर्च करायची एवढीच अट.

कोणी म्हणेल, इकडं आगाऊ दिले तर लोक खाऊन टाकतील. मग घरकुलाचं काय? प्रधानमंत्री आवास योजनेत गावाकडं 1 लाख 20 हजार हप्त्याहप्त्याने मिळतात, पहिला हप्ता मंजुरी झाल्यावर, पुढचे जोत्यापासून वर काम होईल तसे, जिओ टॅग फोटो काढून. आमच्या गावात अशी घरं उभी राहिलीत. जे घराला जमतं ते बांधाला न जमायला काय झालं? पूर्वसंमतीबरोबर निम्मे पैसे, शेतकऱ्याच्या हातात द्यायला भीती वाटत असेल तर थेट जेसीबीवाल्याच्या किंवा डीलरच्या खात्यात टाका, बाकीचे तपासणीनंतर. निदान दोन-अडीच एकराच्या आतल्या लोकांना, एकट्या बायांना तरी. 72 च्या दुष्काळात याच भागात बांधबंदिस्ती, नालाबंडिंग झालं तेव्हा तर उलट माणसाला मजुरी मिळत होती, पदरचं घालावं लागत नव्हतं.

येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे, तुमच्या गावात पण मांडा, वाक्यरचना पाहिजे असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. आणि तोपर्यंत ज्यांचा अर्ज चालू आहे त्यांनी एवढं बघा: फार्मर आयडी म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक काढून ठेवा, बँक खात्याला आधार जोडलंय का ते तपासा, आणि पूर्वसंमती हातात यायच्या आधी काही खरेदी करू नका किंवा खोदू नका, डीलर कितीही घाई करू दे, आधी केलेलं काम अनुदानात धरत नाहीत.