बी हेवी मोलॅसिसला दर लावताना

2022-23 च्या गळीत हंगामात आमच्या सहकारी साखर कारखान्याची डिस्टिलरी, म्हणजे इथेनॉल बनवणारा विभाग, पहिल्यांदाच बी हेवीवर, म्हणजे साखर पूर्ण न काढलेल्या मोलॅसिसवर (मळीवर) चालली. साखर विभागाकडून तिकडे जाणाऱ्या मोलॅसिसला काय दर लावायचा, हे कॉस्ट अकाउंटंट म्हणून माझ्याकडे आलं. ‘या खिशातलं त्या खिशात, एवढा काय विचार करताय,’ असं बहुतेकांचं म्हणणं.

पण महाराष्ट्राच्या 2013 च्या ऊसदर कायद्यातल्या 70:30 सूत्रात (70 टक्के ऊस उत्पादकाला, 30 टक्के कारखान्याला) साखरेबरोबर मोलॅसिस, बगॅस (उसाचा चोथा) आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांचं उत्पन्न धरतात. एफआरपीच्या, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या वर सभासदाला काही मिळायचं असेल तर ते या हिशेबातून निघतं. मोलॅसिसचा दर खाली ठेवला, की तेवढी रक्कम उसाच्या बिलाऐवजी डिस्टिलरीच्या नफ्यात जाऊन बसते. माझ्या वडिलांचा ऊसही इथेच येतो. मला हा दर नुसती जमाखर्चाची नोंद वाटलाच नाही.

सुरुवातीला मी चुकलो. सी हेवीचे, म्हणजे काढता येईल तेवढी साखर काढून उरलेल्या मोलॅसिसचे, टेंडरमध्ये आलेले दर घेतले आणि त्यावर थोडी वाढ धरली. चीफ केमिस्ट कागद घेऊन थेट टेबलाशी आले. “आमचा साखर उतारा दीड टक्क्यानं घटतो, त्याचे पैसे यात कुठे आहेत?” त्यांचं बरोबर होतं. बी हेवीत साखर मुद्दाम सोडलेली असते. ती सी हेवीच्या दरात मावणार कशी?

मग नव्याने मांडलं. 100 टन उसामागे साखर दीड टन कमी. सरकारी किमान दर क्विंटलला 3,100, म्हणजे 46,500 रुपये. शिवाय साडेचार टन सी हेवी विकता आलं असतं. टनाला 8,000 धरून 36,000. एकूण 82,500. त्याबदल्यात बी हेवी मिळतं साधारण साडेसहा टन. म्हणजे टनाला 12,700 च्या खाली साखर विभागाने देणं हा सभासदाचा तोटा.

वरची बाजू इथेनॉलवरून काढली. त्या वर्षी बी हेवीच्या इथेनॉलला लिटरला 60.73 रुपये दर होता. टनातून 300 लिटर धरले तर 18,219. लिटरला 10 रुपये प्रक्रिया खर्च वजा केला, की उरतात 15,219. त्याच्या वर डिस्टिलरीला घेणं परवडत नाही.

खरी ओढाताण मधल्या अडीच हजारांची. डिस्टिलरी मॅनेजरना बँकेचे हप्ते दिसत होते, आणि तेही खोटं नव्हतं. हप्ता थकला तर भुर्दंड कारखान्यालाच. तीन बैठका झाल्या. तिसरीत मी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, यातला कुठला चुकीचा आहे ते सांगा. चीफ केमिस्ट आणि डिस्टिलरी मॅनेजर दोघांनीही आपापल्या प्लँटची आकडेवारी तपासली, आणि मधली रक्कम निम्मी-निम्मी करून टनाला 13,950 वर एकमत झालं.

केमिस्टनी एक अट घातली आणि ती मला फार मोलाची वाटते. दर नुसत्या वजनावर नको, टीआरएसवर, म्हणजे मोलॅसिसमधल्या एकूण साखरेच्या प्रमाणावर हवा. पातळ माल आला तर डिस्टिलरीने पूर्ण पैसे का द्यावेत? नमुना दोन्ही लॅबमध्ये तपासायचा, हेही ठरलं.

संचालक मंडळाच्या ठरावात मी आणखी एक ओळ घालून घेतली: साखरेचा दर क्विंटलला 100 रुपयांनी हलला, की हिशेब पुन्हा करायचा. साखर 3,600 वर गेली तर खालची मर्यादाच 13,850 च्या आसपास जाते, आणि मग आपला 13,950 साखर विभागाला जेमतेम पुरतो.