झेंगझोऊच्या पुरात बुडालेल्या गाडीचा विमा

20 जुलै 2021 रोजी दुपारी चार ते पाच या एका तासात चीनमधील हेनान प्रांताची राजधानी झेंगझोऊ येथे 201.9 मिलिमीटर पाऊस पडला. चीनच्या मुख्य भूमीवर एका तासात इतका पाऊस त्याआधी कधीही नोंदला गेला नव्हता, आणि नेमक्या त्याच वेळी मी कारखान्यातून घरी निघालो होतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, त्यामुळे मुंबईकराला हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु झेंगझोऊचा संपूर्ण वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे 640 मिलिमीटर आहे आणि त्या तीन दिवसांतच 617 मिलिमीटर पडून गेला. इन-फा हे चक्रीवादळ तेव्हा किनाऱ्यापासून बरेच दूर समुद्रात होते, तरी त्याने ढकललेले बाष्प शेकडो किलोमीटर आत येऊन हेनानच्या डोंगरांना अडले.

पुलाखालच्या उतारावर पाणी बॉनेटपर्यंत आले आणि इंजिन बंद पडले. अशा वेळी हात आपोआप स्टार्टरकडे जातो, पण तिथेच विम्याचा निकाल लागतो. सप्टेंबर 2020 पासून चीनमध्ये पाण्यात इंजिन निकामी होण्याचे संरक्षण मोटारीच्या मुख्य नुकसान-विम्यातच समाविष्ट झाले आहे, त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागत नाही. मात्र बंद पडलेले इंजिन पाण्यात पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्यास त्यातून झालेली हानी मालकाच्या माथी मारली जाते. पॉलिसी देताना एजंट ताईंनी हे मला बजावून सांगितले होते. मी चावी काढली, नंबरप्लेट आणि पाण्याची पातळी एकाच चौकटीत येईल असे फोटो घेतले आणि उंचावरच्या रस्त्यावर चढलो. त्या संध्याकाळी भुयारी रेल्वेच्या पाचव्या मार्गावर 14 आणि जिंगग्वांग बोगद्यात 6 जणांचा मृत्यू झाला, हे नंतर कळले. बोगद्यातून दोनशेहून अधिक मोटारी उपसून काढाव्या लागल्या.

शहराच्या बऱ्याच भागांत वीज आणि नेटवर्क गेले होते. जिथे भाजीवालीसुद्धा फोनवरच्या कोडने पैसे घेते, तिथे नोटा बाळगणारा माणूस अचानक श्रीमंत ठरला. दाव्याची नोंद 48 तासांच्या आत करायची असते, आणि कंपनीची हेल्पलाइन लागत नव्हती. नेटवर्क परतताच मी वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपमधून फोटो पाठवून नोंद केली. एरवी अतिवृष्टीच्या दाव्यासाठी हवामान विभागाचा दाखला मागतात. या वेळी कंपनीने ती अट सोडून दिली, कारण पाऊस पडला होता की नाही याबद्दल कोणाला शंका असण्याचे कारणच नव्हते.

खरी कोंडी टोइंगची होती. परप्रांतांतून क्रेन आणि सर्व्हेअर आणलेले असूनही रांग हलत नव्हती, आणि गाळ भरलेली गाडी जितकी उन्हात उभी राहते तितकी तिची वायरिंग सडत जाते. सर्व्हेअरने दार उघडून फक्त पाण्याची रेघ पाहिली. गालिच्यापर्यंत, आसनापर्यंत की डॅशबोर्डच्या वर, यावरच पुढचा सगळा हिशेब ठरतो. माझी रेघ डॅशबोर्डच्या वर होती, म्हणून दुरुस्तीची चर्चा न करता ‘टोटल लॉस’, म्हणजे गाडी पूर्णच गेली असे, ठरले. नव्या गाडीच्या किमतीतून दरमहा 0.6 टक्के घसारा वजा करून पॉलिसीत जी रक्कम ठरलेली असते, तीच मिळते. त्यामुळे घासाघिशीला जागा नव्हती आणि मला ती नकोच होती.

मग पैसे अडकले ते माझ्या नावापाशी. पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचे नाव आहे, बँकेने ते गाळले होते आणि विमा कंपनीने आडनाव आधी लिहिले होते, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने आम्ही तीन वेगवेगळी माणसे होतो. बँकेचा शिक्का असलेले पत्र, पासपोर्टची प्रत आणि पोलिसांकडील निवास-नोंदणी जोडल्यावर ते जुळले. जुलैअखेरीस शहरात कोविडचा उद्रेक होऊन सरसकट चाचण्या सुरू झाल्याने बँकेच्या दारात शिरणे हेच एक काम होऊन बसले. शेवटी नोंदणी-पुस्तिका जमा करून नंबरप्लेट रद्द केली आणि रक्कम खात्यात आली.

जानेवारी 2022 च्या सरकारी चौकशी अहवालानुसार हेनानमध्ये 398 जण मृत किंवा बेपत्ता होते, त्यांपैकी 380 झेंगझोऊच्या हद्दीत. जगाने भुयारी रेल्वेची दृश्ये पाहिली, पण मृतांचा मोठा वाटा पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांतला होता. शिंगयांगमधील एकट्या वांगझोंगद्यान गावात 23 जण गेले.

माझ्या सहकाऱ्याचे घर उत्तरेला श्युनश्येनमध्ये आहे. तिथे वेइ नदीचे पाणी ठरवून शेतांत सोडले गेले, म्हणजे खालची शहरे वाचतील. अशा पूर-साठवण क्षेत्रांसाठी 2000 सालचा नियम आहे: पिकांची भरपाई मागील तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या 50 ते 70 टक्के, पंचनामा गावपातळीवर आणि यादी सर्वांना दिसेल अशी फलकावर. माझ्या गाडीची किंमत आधीच कागदावर ठरली होती आणि पाणी ओसरायच्या आत नोंदही झाली. सहकाऱ्याच्या वडिलांच्या मक्याचे क्षेत्र मोजायला पाणी उतरण्याची वाट पाहावी लागली, आणि मोजणी झाल्यावरही टक्केवारी कोणती धरायची हे वरून ठरणार होते. मला पैसे मिळाले तेव्हा त्यांचे नाव नुकतेच फलकावर लागले होते आणि त्यावर शेजाऱ्यांच्या हरकती मागवल्या जात होत्या.