आमची वाटचाल : अकरा लाल टॅग

सांगलीच्या गणपती पेठेत बाबांचं स्टोव्ह आणि गॅस शेगडी दुरुस्तीचं दुकान होतं. २००३ मध्ये मी कॅनडाला निघालो तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात स्टोव्हची एक पिन टाकली. ती अजून टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे, पण मी ती कामाला वापरत नाही. गॅस फायरप्लेसच्या पायलटमध्ये, म्हणजे बर्नर पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या जागी, पिन घालायची नसते. ओरिफिसचं, म्हणजे गॅस जिथून येतो ते बारीक भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅसचं माप बिघडतं. सुटं करून हवेने साफ करायचं, नाहीतर नवीन बसवायचं.

गॅसच्या कामाचं जी-टू लायसन्स हातात आलं आणि २००९ मध्ये मी नि कोल्हापूरचा एक मित्र, आम्ही टोरोंटोजवळच्या मिसिसागात गॅस फायरप्लेस दुरुस्तीची ही कंपनी सुरू केली. त्याच्या आदल्याच डिसेंबरात ऑन्टारिओतल्या वुडस्टॉकमध्ये आईवडील आणि दोन मुलं, अख्खं कुटुंब घरातल्या घरात कार्बन मोनॉक्साइडने गेलं होतं. गॅस फायरप्लेसच्या धुराची वाट, म्हणजे व्हेंट, बुजली होती आणि घरात अलार्म नव्हता. पुढे २०१३ मध्ये अलार्म सक्तीचा कायदा झाला तो त्यांच्याच आडनावाने. त्या बातमीचं कात्रण आम्ही पहिल्या दिवशी भिंतीवर लावलं. व्हेंट पाहिल्याशिवाय कुठलीही फायरप्लेस पेटवून द्यायची नाही, हे तेव्हाच ठरलं.

जानेवारी २०१२ मध्ये ते ठरवणं आमच्या अंगाशी आलं. घरांची देखभाल बघणाऱ्या एका व्यवस्थापन कंपनीच्या ६४ टाउनहाउसमधल्या फायरप्लेसचं काम आमच्याकडे होतं. आमचा अर्ध्याहून जास्त हिवाळा त्यावर चालायचा. तिसऱ्या दिवशी एका घरात फायरप्लेसची काच काढली तर तिच्या कडेचं गॅस्केट (हवाबंद पट्टी) खालच्या डाव्या कोपऱ्यात कुरतडल्यासारखं झालेलं. ते बदललं, पेटवलं, आणि दहा मिनिटांत ज्योत बर्नर सोडून वर तरंगायला लागली. ज्यांनी एकदा पाहिलीय त्यांना ती ज्योत विसरता येत नाही. शेगडीला प्राणवायू पुरत नाहीये, हे ती सांगत असते. मागच्या अंगणात गेलो. डेक बांधणाऱ्याने व्हेंटचं तोंड लाकडी खोक्यात बंद करून टाकलं होतं. बाहेर टाकलेला धूर, ताजी हवा आत घेणाऱ्या पाइपातून पुन्हा आत ओढला जात होता. अशी ११ घरं निघाली. अकराही ठिकाणी गॅस बंद केला, "वापरू नका" सांगणारे लाल टॅग लावले.

दोन दिवसांनी व्यवस्थापन कंपनीचा फोन आला : तुम्ही नवीन माल खपवायला टॅग लावताय. आमच्यानंतर दुसरी कंपनी आली. त्यांनी काचा पुसल्या, पेटवून दाखवल्या, एका घरात वीस मिनिटं, आणि "सगळं ठीक आहे" असं लिहून दिलं. त्यांच्या माणसाने गॅसचा दाब मोजायचा मॅनोमीटर गाडीतून खालीसुद्धा उतरवला नाही, हे तिथल्याच एका बाईंनी मला सांगितलं. आमचा करार गेला. व्हॅनचा हप्ता थकला. मार्चमध्ये मित्र म्हणाला, "तुझं बरोबर आहे रे, पण मला घर चालवायचंय." तो गेला, मी त्याला अडवलं नाही. एप्रिलमध्ये त्याच अकरांतल्या एका घरात अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेड आली. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. मग सगळी खोकी तोडली गेली. त्या व्यवस्थापन कंपनीकडून मला आजतागायत एक फोन नाही.

तगलो ते टोरोंटोतल्या एटोबिको भागात राहणाऱ्या काकूंमुळे. मूळच्या दादरच्या. दरवर्षी त्यांचा एकच निरोप असतो : "गणपती उठले की ये." त्या वर्षी माझा चेहरा बघून त्यांनी सगळं काढून घेतलं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या भिशीतल्या नऊ घरांची कामं मला आली. २०१३ च्या डिसेंबरात बर्फाच्या वादळाने टोरोंटोत सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली, तेव्हा काकूंचा फोन आला. "अरे, घर गरम करणारा फर्नेस बंद आहे आणि तुझी शेकोटी चालू आहे!" पायलट सतत जळणारी असली की थर्मोपाइल नावाचा छोटा भाग त्या ज्योतीच्या उष्णतेवरच अर्ध्या व्होल्टच्या आसपास वीज तयार करतो आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. मी आधी विचारलं, "काकू, अलार्मला बॅटरी आहे ना? बाहेर व्हेंटवरचा बर्फ काढलात?" दोन्ही झालेलं होतं. त्या रात्री त्यांच्या हॉलमध्ये शेजारचे धरून सात जण झोपले. त्यानंतर आम्हाला जाहिरात करावी लागली नाही.

पुढच्या दहा वर्षांत दोन व्हॅन झाल्या, चार माणसं झाली.

हत्यारांबद्दल मात्र लिहितो. माझ्याकडे डिजिटल मॅनोमीटर आहे, तरी दाब मोजायची पाणी भरलेली यू आकाराची नळीही जवळ असते. नॅचरल गॅसला मॅनिफोल्डवर, म्हणजे व्हॉल्व्हमधून बर्नरकडे जाताना, साडेतीन इंच पाण्याइतका दाब दिसायला हवा, आणि ते पाणी हलताना डोळ्यांनी बघण्यात वेगळी खात्री आहे. बर्नरसाठी रंगाचा मऊ ब्रश. उन्हाळाभर बंद शेगडीत कोळी जाळं करतो. गॅसच्या वासाला तो ओढला जातो असं आमच्या धंद्यात सगळे मानतात. लाकडाच्या आकाराच्या सिरॅमिक ओंडक्यांचा फोटो काढल्याशिवाय मी त्यांना हात लावत नाही. ओंडका इंचभर सरकला, ज्योत त्याच्यावर आपटली, की काजळी धरलीच.

आणि घरी काच पुसणाऱ्यांनो, अमोनियावाला क्लीनर वापरू नका. काचेवरचा पांढरा थर मग कायमचा बसतो. काच पूर्ण गार होऊ द्या. लहान मुलं असतील तर पुढची जाळी काढून ठेवूच नका.

त्या ११ टॅगच्या कार्बन प्रती ऑफिसच्या मागच्या खोलीत, निळ्या फाइलमध्ये आहेत. तारीख, दाब, व्हेंटचा फोटो, सगळं जागच्या जागी. ज्याला बघायच्या असतील त्याने यावं.