चिखलदरा ते आर्वी: चार तासांचा रस्ता, साडेअकरा तास

आधी हिशोब सांगते. चिखलदऱ्याहून परतवाडा, तिथून आसेगाव-वलगाव करत अमरावती, मग कुऱ्हा, आणि कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडली की आर्वी. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. शनिवारी पहाटे पाचला निघालो आणि साडेनऊला वर पोचून चहा पीत होतो. रविवारी दुपारी सव्वाबाराला परत निघालो, तर घराचं फाटक उघडलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. सोबत आई. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, बीपीचं औषध चालू.

पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता, म्हणजे लागून तीन सुट्ट्या. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवरचं विदर्भातलं हे एकच थंड हवेचं ठिकाण, त्यामुळे श्रावणात तिथं कोण कोण येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तरी मी तोच शनिवार-रविवार निवडला. बाकी सुट्टी नव्हती.

फिरण्याबद्दल फार लिहीत नाही. गुडघेदुखीवाल्या माणसाला देवी पॉइंट जमतो, पायऱ्या सावकाश उतरायच्या. गुहेतल्या देवीवर वरून पाणी ठिबकत असतं, आई तिथं तासभर बसली. भीमकुंडाची दरी धुक्यानं भरली होती. कीचकाला जिथं फेकला म्हणतात तिथं फक्त पांढरं काहीतरी दिसत होतं. गाविलगडाच्या पहिल्या दरवाजापर्यंत गेलो. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला, हे मी सांगत होते आणि आई तटावरचं शेवाळ बघत म्हणाली, "एवढ्या वर चढून भांडाले आले होते का हे?" तिचा शेरा ऐकून परत फिरलो. निघताना तिनं शेजारच्या काकूंसाठी अर्धा किलो रबडी बांधून घेतली. त्या रबडीवर लक्ष ठेवा.

आता घाट. गर्दीच्या दिवशी पोलीस वाहतूक एकेरी करतात. त्या दिवशी धामणगाव गढीच्या रस्त्यानं गाड्या वर येत होत्या आणि उतरणाऱ्यांना घटांगकडे वळवलं होतं. हा रस्ता लांबचा आणि जंगलातला, मोबाइलला रेंज नाही. एकेरी असूनही जॅम का, तर प्रत्येक धबधब्यापाशी लोक रस्त्यावरच गाडी उभी करून भिजायला उतरलेले. एका वळणावर डीजे लावून पोरं नाचत होती आणि त्यांच्या मागे दोन-अडीचशे गाड्या. पहिले पाच किलोमीटर जायला दीड तास लागला.

आणि इथं माझी चूक कळली. आईच्या औषधात पाण्याची गोळी आहे, म्हणजे लघवी जास्त करवणारी. ती सकाळी नाश्त्यानंतर नेहमीसारखी दिली होती. घाटात दोन तास अडकल्यावर त्या गोळीचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. झाडीत जायची सोय नाही, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला गाड्यांतून बघणारे डोळे. शेवटी रस्त्याकाठी कोरकू आदिवासींचं एक घर दिसलं. आई उतरली, छत्री घेतली, चालत गेली. पंधरा मिनिटांनी परत आली ती हातात दोन भाजलेले भुट्टे घेऊन. पैसे घेतले नाहीत म्हणे त्या बाईनं. तोवर आमची गाडी बरोबर तीस फूट पुढे सरकली होती.

तेव्हा आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर पाण्याच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येते का हे आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं गोळी चुकवू नका. आणि निघण्याआधी मुक्कामाच्या जागी बाथरूमला जाऊन या म्हणून मागे लागा, "मले नाही लागली" म्हणाले तरी. रविवारी परत यायचंच असेल तर सकाळी सातच्या आत घाट उतरा. नाहीतर सरळ सोमवारची रजा टाका.

परतवाडा गाठायला पावणेपाच झाले. गावाबाहेर पडलो आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तीही मऊ. दोन वर्षांत तिच्यात हवा भरल्याचं मला आठवत नाही, दोष कुणाला द्यायचा? चार माणसं जमली, चौघांनी चार सल्ले दिले, त्यातल्या एका काकांनी मात्र काही न बोलता स्टेपनी मोटरसायकलवर टाकून पंक्चरच्या दुकानात नेली आणि हवा भरून आणली. निघायला सव्वासहा. पंक्चरवाल्याचे पैसे रोखच द्यावे लागले. वर डोंगरावरही रेंजअभावी दोनदा ऑनलाइन पैसे अडकले होते, तेव्हा हजार-दीड हजाराच्या सुट्या नोटा जवळ असू द्या आणि पेट्रोल जाताना परतवाड्यातच भरा.

पुढं एका गावात रविवारचा बाजार रस्त्यावर सांडलेला. पोळा पाच दिवसांवर. झुली, घुंगरमाळा, बैलांची बाशिंगं, रंगाचे डबे, आणि मधोमध आमची गाडी बैलाच्या चालीनं. मला घड्याळ दिसत होतं. आईनं काच खाली केली आणि खिडकीतूनच वेसणीचा भाव केला. आमच्याकडे बैल नाहीत, विकून सहा वर्षं झाली. "भाव इचारले पैसे पडतात का?" म्हणाली.

अमरावतीत जेवलो नाही, घरच्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच खाल्ली. इथं दोन मिनिटं थांबून विचार करायला हवा होता. पाऊस वाढला होता आणि नातेवाइकांचं घर दहा मिनिटांवर होतं. पण सोमवारी कामावर जायचं म्हणून मी दामटलं.

कुऱ्हा मागे पडल्यावर रस्त्यात लाल दिव्यांची रांग. नाल्यावरून पाणी. पुढं एसटी, मागं दोन ट्रक, तीनचार गाड्या, आणि मोटरसायकली काठाला लावून बसलेली माणसं. पाणी फार नव्हतं, दिव्याच्या उजेडात पलीकडचा रस्ता दिसत होता. एक जीपवाला निघून गेला. मीही गिअर टाकला.

"थांब," आई म्हणाली. "कायले घाई करतं? पाणी उतरल्याबिगर गाडी घालू नोको."

आणि ती उतरली. मोबाइलच्या उजेडात तिनं एक दगड शोधला, पाण्याची कड जिथं डांबराला लागत होती अगदी तिथं ठेवला, आणि छत्री धरून उभी राहिली. तिचं माहेर नदीकाठचं. दगड पाण्यात गेला तर पूर चढतोय, दगड सोडून कड मागं गेली तर उतरतोय, एवढं साधं गणित. पंधरा मिनिटांत दगड बुडाला. माझ्या पोटात गोळा आला, कारण गाडी घातली असती तर आम्ही नेमक्या त्याच वेळी मध्यावर असतो. तिनं दुसरा दगड अलीकडे ठेवला. एसटीचा कंडक्टर येऊन तिच्याशेजारी उभा राहिला, मग ट्रकचा क्लीनर. अर्ध्या तासानं सगळी रांग त्या दगडाचीच चौकशी करत होती. "मावशी, काय म्हणते दगड?"

सव्वादहाला दुसरा दगड कोरड्यात आला, आणि साडेदहाला पहिला पुन्हा दिसला. तरी आईनं पुलाच्या कडेचे दगडी खुंट उघडे पडेस्तोवर जाऊ दिलं नाही. आधी एसटी गेली, तिच्या मागोमाग आम्ही, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी सरकवतं, आणि पाण्याखाली रस्त्याची कड खचलीय की नाही हे वरून कळत नाही. पुढची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल असं धरून चालू नका. आमच्या भागात दर पावसाळ्यात अशीच माणसं जातात.

कौंडण्यपूरच्या पुलावर आईनं अंधारातच रुक्मिणीच्या माहेराकडे हात जोडले. वर्धेचं पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता.

घरी पोचल्यावर तिनं आधी रबडीचा डबा उघडला. साडेअकरा तास बंद गाडीत. वास घेतला, झाकण लावलं, आणि डबा मागच्या दारी मांजरीच्या ताटलीत रिता केला. मांजरीनं हुंगून तोंड फिरवलं.

"पुढच्या डावी खवा घेऊ," आई म्हणाली आणि दिवा मालवायला गेली.