औदेनार्देतला मार्च: भीती घातली चढांची, हात सोलले सपाटीने

सायकलशर्यतींच्या नव्या मोसमाची सुरुवात बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात करायची, हे मी नोव्हेंबरातच ठरवले होते. आइंडहोव्हनला राहायला येऊन मला चार वर्षे झाली आणि नेदरलँड्सच्या रस्त्यांवर तीन मोसम शर्यतीही करून झाल्या. पण ज्या बेल्जियममध्ये गावजत्रेच्या दिवशी देवळाभोवती मांडव पडावा तितक्या सहजतेने सायकलशर्यत भरते, तिथे छातीवर परवाना आणि पाठीवर नंबर घेऊन मी कधी उभा राहिलो नव्हतो. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवसांची सुट्टी काढली. पहिले तीन दिवस औदेनार्देच्या आसपासचे रस्ते पाहायचे, चौथ्या दिवशी पाय मोकळे करायचे आणि पाचव्या दिवशी जवळच्याच एका गावची केर्मिस, म्हणजे जत्रेतली शर्यत, करायची असा बेत होता.

हे लिहायला बसलो त्याचे कारण एकच आहे: निघण्यापूर्वी मला मिळालेला जवळजवळ प्रत्येक सल्ला चुकीच्या जागी बोट ठेवणारा निघाला. पुढे जे जातील त्यांच्याकडे चांगली रेसिंग सायकल आहे, हिवाळ्यात त्यांनी पाय चालते ठेवले आहेत आणि घोळक्यात चाकाला चाक लावून चालवण्याची त्यांना सवय आहे, असे मी धरून चालतो. ज्यांचे तसे नाही त्यांनी हा प्रवास मे महिन्यात करावा.

ज्याला विचारले त्याने कोपनबर्गचेच नाव घेतले. तो चढ जेमतेम ६०० मीटरचा आहे, पण सगळा दगडी फरसबंदीचा, आणि मध्ये एके ठिकाणी २२ टक्क्यांपर्यंत उभा होतो. १९८७ च्या टूर ऑफ फ्लँडर्समध्ये येस्पर स्किबी हा डॅनिश सायकलपटू तिथे पडला आणि शर्यतसंचालकाची मोटार त्याच्या सायकलीवरून गेली. त्यानंतर २००२ पर्यंत तो चढ शर्यतीच्या मार्गातून वगळलेला होता. अशा कथेमुळे कोपनबर्गचा धाक बसतो, हे समजण्यासारखे आहे. दुसरीकडे उट्रेक्टला राहणारा माझा कोल्हापूरचा मित्र फोनवर म्हणाला, "अरे, तू आठवड्यातून दोनदा बोपदेव घाट चढणारा माणूस. तुला त्या टेकड्या काय करणार?" एकाने घाबरवले, दुसऱ्याने निर्धास्त केले, पण बोलले दोघेही चढांविषयीच.

चढांबद्दलचा माझा निर्णय चार वाक्यांत सांगतो. कोपनबर्गवर खोगिरावरून उठायचे नाही, कारण उठले की मागचे चाक ओल्या दगडावर जागच्या जागी फिरते. ३४ ला ३० चा (पुढे ३४ आणि मागे ३० दात्यांचा) हलका गिअर आधीच लावून, पुढच्या माणसापासून दोन सायकलींचे अंतर ठेवून चढावे, कारण तिथे पाय टेकावा लागतो तो बहुधा पुढच्याने टेकल्यामुळे. पाटरबर्ग ३६० मीटरचा आणि २० टक्क्यांचा आहे, तिथे दम जातो पण मिनिटा-दीड मिनिटात सुटका होते. औदे क्वारेमाँट २.२ किलोमीटरचा आहे आणि सरासरी चार टक्केच भरतो, पण वरच्या टोकाला उभार संपला असे वाटत असतानाच दगड चालू राहतात आणि खरा वेळ तिथे जातो. सिंहगड चढणाऱ्याच्या पायांना हे तिन्ही जमतात.

आता हाखहूकविषयी.

हा चढ नाही. चढांच्या यादीत त्याचे नावही नसते, कारण तो नुसता फरसबंदीचा रस्ता आहे: सुमारे दोन किलोमीटर, आधी उतरता आणि मग हळूहळू वर जाणारा, दोन्ही बाजूंना उघडी शेते. मोसमातली पहिली मोठी बेल्जियन शर्यत, ओम्लोप हेट न्यूस्ब्लाद, या रस्त्यावरून वर्षानुवर्षे गेली आहे आणि त्यानंतर लगेच लेबर्गचा चढ लागतो. ही शर्यत मी दरवर्षी दूरचित्रवाणीवर पाहत आलो, पण पडद्यावर तो रस्ता सपाट दिसतो, आणि म्हणूनच मी फसलो. पडद्यावर दगड थरथरत नाहीत.

पहिल्या दिवशी तिथे मी ताशी ४२ किलोमीटरच्या वेगाने शिरलो, कारण सुरुवातीचा उतार वेग देतो. पहिल्या शंभर मीटरांत पाण्याची बाटली पिंजऱ्यातून उडून शेतात गेली. त्यानंतर हँडलवरच्या संगणकाचा स्क्रू सैल झाला आणि तो लोंबू लागला. तो सावरायला मी एक हात सोडला, तेवढ्यात पुढचे चाक दोन दगडांच्या फटीत उतरून बाहेर आले. मी पडलो नाही, पण तेव्हापासून हँडल दोन्ही हातांनी आवळून धरले, आणि तीच सर्वांत मोठी चूक ठरली. आवळलेल्या हातांतून प्रत्येक दगड थेट कोपरात आणि कोपरातून मानेत जातो. रस्ता संपला तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या जागेची कातडी हातमोज्याच्या आत सोलून निघाली होती, आणि ब्रेकच्या दांड्याभोवती बोटे वळवायला मला लेबर्गच्या पायथ्यापर्यंतचा वेळ लागला. पाय ताजे होते, श्वास ठीक होता, तरीही त्या दिवशी पुढचे साठ किलोमीटर मी हातांमुळे हळू चालवले.

त्या दिवशी मी एकटा नव्हतो. रस्त्यांची ओळख करून देणारा एक मार्गदर्शक मी ११० युरो भरून घेतला होता, आणि ही रक्कम मला अजून खुपते. सहा जणांचा गट आणि मागे सामानाची गाडी असे लिहून दिले होते. प्रत्यक्षात आम्ही चौदा जण होतो आणि गाडी आलीच नाही. तेही मी सोडून दिले असते. पण सकाळी निघताना त्यानेच सर्वांच्या टायरमधली हवा तपासली आणि माझ्या २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये सहा बार, म्हणजे सुमारे ८७ पीएसआय, भरून "आता दगडावर रिमला धक्का बसणार नाही" असे सांगितले. माझे वजन ६८ किलो आहे. या वजनाला इतकी हवा भरली की चाक दगडावरून जात नाही, दगडावर आपटते. हाखहूकच्या शेवटच्या टप्प्यात मागच्या टायरची बाजू चिरली ती त्यामुळेच, असे मला वाटते. ट्यूबलेस टायरमधले भोक बुजवणारे द्रव्य त्या चिरेला पुरले नाही, प्लगही बसला नाही, शेवटी आत ट्यूब घालून परतलो. गावातल्या दुकानात नवा टायर ९८ युरोंना पडला; तोच टायर आइंडहोव्हनला साठच्या आसपास मिळतो.

म्हणून स्पष्ट सांगतो: मार्गदर्शकाला पैसे देऊ नका. औदेनार्देच्या मध्यातून टूर ऑफ फ्लँडर्सचे तीन कायमस्वरूपी वर्तुळमार्ग निघतात, निळा, पिवळा आणि लाल, आणि त्यांच्या पाट्या बहुतेक वळणांवर लावलेल्या आहेत. या मार्गांवरून जायला पैसे पडत नाहीत आणि कुणाला विचारावेही लागत नाही. पाट्या वाचता येणाऱ्या माणसाला मार्गदर्शकाकडून मिळण्यासारखे फक्त चुकीच्या हवेचे माप उरते. घरून एक जादा टायर घडी करून न्यावा, आणि बाटलीच्या पिंजऱ्याला आतून वाळूकागदाची पट्टी चिकटवावी. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पिंजऱ्यात बाटली टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच हाखहूकला परत गेलो आणि तो रस्ता पाच वेळा केला. नवा टायर ३० मिलिमीटरचा होता. पहिल्या फेरीला पाच बार हवा ठेवली, मग प्रत्येक फेरीनंतर थोडी काढत गेलो आणि पुढे ४, मागे ४.२ बार या मापावर थांबलो. त्याखाली गेल्यावर एका दगडावर रिमचा आवाज आला, म्हणून पुन्हा थोडी भरली. माझ्याएवढ्या वजनाच्या माणसाने इथून सुरुवात करावी. हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर, अंगठे वर, बोटे अशी सैल की कुणी मागून येऊन सायकल काढून घेऊ शकेल. एरवीपेक्षा एक-दोन दाते जड गिअर लावावा म्हणजे पायांच्या दाबाने शरीर थोडे उचललेले राहते आणि खोगिराचे धक्के कमी पोचतात. कडेची गटारपट्टी गुळगुळीत दिसते, पण ओल्या दिवसांत तिच्यातल्या डबक्यांखाली काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरूनच जावे. पाचव्या फेरीला मी पहिल्या दिवसापेक्षा वेगाने गेलो आणि हात शाबूत राहिले. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो कोपनबर्ग चढल्यावर झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ऊन होते, स्खेल्डे नदीच्या काठाने गेंटकडे आणि परत असे फिरलो. चौथ्या दिवशी विश्रांती घेतली.

शर्यतीच्या कागदपत्रांविषयी मात्र नीट वाचावे. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, नियमाप्रमाणे शर्यतीचा परवाना आपण ज्या देशात मुख्यतः राहतो त्या देशाच्या महासंघाकडून घ्यायचा असतो. पासपोर्ट भारताचा असला तरी मला तो डच महासंघाकडूनच मिळतो, आणि राष्ट्रीयत्व भारतीय असेच नोंदले जाते. परवाना कॅलेंडर वर्षापुरता असतो, त्यामुळे ३१ डिसेंबरला तो संपतो. तो जानेवारीतच नवा करावा, मार्चच्या आठवड्याची वाट पाहू नये. दुसऱ्या देशात शर्यत करायला मी महासंघाचे संमतीपत्र छापून नेले होते, आणि नोंदणीच्या टेबलावर ते खरोखर मागितले गेले. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका मुलाकडे ते फोनमध्येच होते आणि फोन मोटारीत होता. त्याची नोंदणी बंद होण्याच्या अवघी पाच मिनिटे आधी झाली. टेबल एका कॅफेच्या मागच्या खोलीत होते, नंबरासाठी अनामत रोख द्यावी लागली आणि शर्यतीनंतर नंबर परत केल्यावर ती मिळाली. सुटे पैसे आणि सेफ्टीपिना घरून न्याव्यात.

शर्यत गावाभोवतीच्या अकरा किलोमीटरच्या वर्तुळाच्या दहा फेऱ्यांची होती. त्या वर्तुळात एकही चढ नव्हता आणि आठशे मीटर फरसबंदी होती. हिवाळाभर मी घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, आकडे जमवले होते. वीस मिनिटे २९० वॅटचा जोर धरता येतो याचे मला समाधान होते. पहिल्या फेरीत त्या आकड्याचा काहीच उपयोग झाला नाही, कारण इथे वीस मिनिटे एकसारखा जोर कुणी लावतच नाही. वळण येते, सगळे जवळजवळ थांबतात, आणि वळणाबाहेर पडताना दहा सेकंद जीव तोडून पळावे लागते. अशी वळणे प्रत्येक फेरीत चौदा होती. जो विसाव्या जागी असतो तो वळणाला थोडाच थांबतो, जो ऐंशीव्या जागी असतो तो पूर्ण थांबतो आणि मग दुप्पट पळतो. ट्रेनरवर मोसमाची तयारी करणाऱ्यांनी निदान फेब्रुवारीपासून अशा छोट्या, एकामागून एक येणाऱ्या धावा कराव्यात, एवढे मी अनुभवाने सांगतो.

त्यात नैऋत्येचा वारा होता. गावाबाहेरच्या उघड्या रस्त्यावर तो बाजूने आला की पुढचे दहा-पंधरा जण रस्त्याच्या रुंदीभर तिरके पसरतात. फ्लेमिश लोक याला ‘वायेर’, म्हणजे पंखा, म्हणतात. पंख्यात जागा मिळाली तर आडोसा मिळतो. नाही मिळाली तर उरलेले सगळे रस्त्याच्या काठाला एका ओळीत, कुणाचाही आडोसा नसताना, चाक गवतात उतरू नये म्हणून धडपडत राहतात. चौथ्या फेरीला मी त्या ओळीत होतो आणि माझ्या तीन सायकली पुढे ती ओळ तुटून अंतर पडले. मी ते भरून काढायला गेलो, पोचलो नाही, आणि दुसऱ्या गटात राहिलो.

मात्र फरसबंदीवर माझ्यापुढचे लोक मागे पडत गेले. प्रत्येक फेरीला त्या आठशे मीटरांत मी चार-पाच जणांना ओलांडत होतो, आणि ते सगळे हँडल आवळून धरलेले दिसत होते. शेवटी ११० किलोमीटरची शर्यत मी दुसऱ्या गटात पूर्ण केली. सुरू केलेल्यांपैकी निम्मे लोक आधीच थांबले होते किंवा मागे पडल्यामुळे थांबवले गेले होते. कॅफेत अनामत परत घेताना टेबलावरच्या वृद्ध गृहस्थांनी माझा परवाना पुन्हा पाहिला, भारत हे नाव वाचले आणि विचारले, "दगड कुठे शिकलात?" मी हाखहूकचे नाव सांगितले. त्यांनी माझा हात उलटा करून सोललेली जागा पाहिली आणि मान हलवली.

पुढच्या शर्यतीला तीन आठवडे आहेत. तोपर्यंत बोटांमधली कातडी भरून येईल. हातमोज्यांच्या आत त्या जागी कापडी पट्टी गुंडाळायची ती घेऊन ठेवली आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाऱ्याच्या दिवशी बाहेर जायचे, आणि ट्रेनर पावसासाठीच ठेवायचा. औदेनार्देला पुन्हा जाईन तेव्हा मुक्काम गावाच्या पूर्वेला घेईन, म्हणजे सकाळी उठून पहिल्यांदा हाखहूकलाच जाता येईल.