नळी आणि घास

लीड्सहून स्किप्टनकडे जाणारी लोकल एअर नदीच्या खोऱ्यातून धावते आणि स्टीटन अँड सिल्सडन या लहान स्थानकावर थांबते. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एअरडेल रुग्णालय आहे. इंग्लंडमध्ये वैद्यकीय कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते, कारण टोनी ब्लँड तिथेच होता. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत त्याच्या मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि पुढे जवळपास चार वर्षे तो शुद्धीवर न येता, नाकातून पोटात सोडलेल्या नळीतून मिळणाऱ्या अन्नावर जगला. आईवडील आणि डॉक्टर यांचे एकमत होते. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, ठरवले, की नळीने अन्न देणे हा वैद्यकीय उपचाराचा भाग आहे आणि तो रुग्णाच्या हिताचा उरला नसेल तर थांबवता येतो.

मी हा निकाल गेली काही वर्षे लीड्समध्ये शिकवते आहे. मुंबईत कायद्याची पदवी घेऊन एका वर्षाच्या एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, आले आणि जैवनीतिशास्त्राच्या, म्हणजे वैद्यकातल्या नैतिक प्रश्नांच्या अभ्यासाच्या, ओढीने पीएचडीला थांबले. इथल्या कायद्याच्या पीएचडीत तासिका जवळजवळ नसतात. मार्गदर्शक, ग्रंथालय आणि सुमारे एक लाख शब्दांचा प्रबंध, शेवटी दोन परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. त्यानंतर बहुतेकांच्या वाट्याला काही काळ मुदतीच्या नेमणुका येतात, तशा माझ्याही आल्या. हे सारे भारतातून येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधीच जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

ब्लँडच्या जोडीला मी अरुणा शानबाग खटला ठेवते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात राहिली. तिचे अन्न थांबवावे यासाठी पत्रकार-लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ब्लँडचा मोठा आधार घेतला, उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाचा, म्हणजे जगवणारा उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याचा, मार्ग मोकळा केला, पण अरुणाच्या बाबतीत तो नाकारला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नव्हे, तर इतकी वर्षे तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालय म्हणाले. विराणींच्या तळमळीबद्दल मला आदरच आहे. तरीही निकालाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्या निकालपत्रात एक नोंद आहे, की इतकी वर्षे अंथरुणात असूनही अरुणाला एकही बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नव्हता. एका विद्यार्थ्याने विचारले, की यात नोंद घेण्यासारखे काय आहे. मला नीट उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी मावशीला फोन केला; ती मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात तीस वर्षे सिस्टर होती. ती म्हणाली, "अगं, दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, ओल राहू द्यायची नाही. टाच आणि माकडहाड रोज डोळ्यांनी बघायचं, हात लावून बघायचं." पुढच्या तासाला मी फळ्यावर गुणाकार मांडला: दिवसाला बारा वेळा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, सदतीस वर्षे. मावशीचा नियम धरला तर आकडा एक लाख बासष्ट हजार साठ येतो. वर्ग बराच वेळ गप्प होता.

खरा कायदेशीर पेच त्याच्याही पुढे आहे. ब्लँडच्या निकालाचा सारा डोलारा नळीवर उभा आहे: नळी म्हणजे उपचार, म्हणून ती काढणे म्हणजे उपचार थांबवणे. अरुणाला बहुतांश काळ मऊ केलेले अन्न तोंडाने भरवले जाई. मासे आणि चिकनचे सूप तिला आवडते, असे तिला सांभाळणाऱ्यांनी सांगितले होते. मराठीत याला घास भरवणे म्हणतात, आणि हा शब्द आपण तान्ह्या बाळासाठी, आजाऱ्यासाठी आणि लग्नाच्या पंगतीतल्या नवरा-नवरीसाठी सारखाच वापरतो. घास हा उपचार नव्हे. तो थांबवण्याचा प्रश्न ब्लँडच्या चौकटीत बसतच नाही, आणि माझ्या मते आपल्या न्यायालयाने इंग्लंडचा निकाल उचलताना या फरकावर पुरेसा वेळ घालवला नाही.

हा मुद्दा मांडणारा माझा पहिला लेख एका नियतकालिकाने 'स्थानिक स्वारस्याचा विषय' असा शेरा मारून परत केला. त्याचे दुःख झाले, कारण एअरडेलचा खटला तेवढाच स्थानिक होता.

२०१८ मध्ये दोन्हीकडे कायदा पुढे सरकला. मार्चमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जुलैमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कुटुंब आणि डॉक्टर सहमत असतील तर नळी काढण्यासाठी दरवेळी न्यायालयात येण्याची गरज नाही. त्यामुळे आता यातले बहुतेक निर्णय खाटेशेजारीच होतात, आणि तिथे सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या परिचारिकेचे म्हणणे कुठे नोंदवले जाते, यावर मी सध्या काम करते आहे.

यंदा मी वाचनाचा क्रम बदलला आहे. पहिल्या आठवड्यात ब्लँड नाही, अरुणा. कायदा काय म्हणतो हे लिहिण्याआधी प्रत्येकाने एका परिच्छेदात लिहायचे, की तिला कोण, कसे आणि काय भरवत होते.